वजनाचा काटा एकाच आकड्यावर अडकला, तर काय करावे?

पहिले दोन-तीन महिने सगळे छान चालते. चहातली साखर कमी झालेली असते, भात एका वाटीवर आलेला असतो, सकाळचे चालणे अंगवळणी पडलेले असते. काटा ८२ वरून ७९ वर येतो, मग ७७, मग ७५. कपडे सैल होतात, नातेवाईक विचारू लागतात, "काय करताय हो सध्या?" आणि मग काटा थांबतो. खाणे तेच, चालणे तेच. महिना गेला, दीड महिना गेला, तरी आकडा ७५ च्या खाली उतरत नाही.

इथे आल्यावर बहुतेक माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण "आमच्या घराण्याची अंगकाठीच अशी" म्हणत सगळे सोडून देतात आणि वर्ष-दोन वर्षांत गेलेले वजन परत येते. काही जण चिडून रात्रीचे जेवणच बंद करतात, नाहीतर कुणीतरी गळ्यात मारलेल्या पावडरीच्या डब्यांवर महिन्याला हजारो रुपये घालवतात. दोन्हींत नुकसान आहे. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की काटा थांबला म्हणजे आपण हरलो.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या वस्तीत, नात्यात, विहारात नजर टाकली तरी हे आकडे खरे वाटतात. ज्या घरात शुगर आणि बीपीच्या गोळ्या रोजच्या झाल्या आहेत, त्या घरात वजन हा दिसण्याचा विषय उरत नाही. म्हणून काटा का थांबतो आणि थांबल्यावर नेमके काय करावे, हे आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

आधी पाहा, वजन खरेच थांबले आहे का?

वजनाच्या काट्यावर फक्त चरबी मोजली जात नाही. पाणी, आतड्यातले अन्न, स्नायू, हाडे, सगळे त्यात येते. म्हणून एकाच माणसाचे वजन दोन दिवसांत एक-दोन किलोंनी सहज खाली-वर होते. आदल्या दिवशी लोणचे, पापड, खारी सुकट असे मिठाचे पदार्थ जास्त झाले, की शरीरात पाणी साठते. मासिक पाळीच्या आधी स्त्रियांचे वजन वाढलेले दिसते. बद्धकोष्ठता असली तरी तसेच. नव्याने व्यायाम सुरू केला, की स्नायूंमध्ये काही दिवस पाणी धरून राहते. या काळात चरबी कमी होत असली तरी काटा हलत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांतला वेगही फसवा असतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. खाणे कमी केले की आधी हा साठा आणि त्यातले पाणी जाते, म्हणून सुरुवातीला वजन झपाट्याने उतरते. पुढे चरबी जाऊ लागते तेव्हा वेग मंदावतो. हे थांबणे नव्हे. ती खरी सुरुवात असते.

म्हणून वजन मोजण्याची एक शिस्त ठेवा. आठवड्यातून एक ठरलेला वार, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर आणि कडक फरशीवर. त्याबरोबर शिंप्याकडे असते तशी साधी टेप घेऊन कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. दोन्ही आकडे वहीत लिहा. सलग चार आठवडे वजनही तेच आणि कंबरही तीच राहिली, तर वजन खरेच थांबले असे समजा. वजन तेच पण कंबर दोन सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर तुमचे काम चालू आहे. काही बदलू नका.

शरीर काटा का थांबवते?

डॉक्टर याला वेट लॉस प्लॅटो म्हणतात. प्लॅटो म्हणजे पठार. घाट उतरताना मध्येच सपाटी लागावी, तसे हे आहे. वजन कमी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ते लागते, कारण त्यामागे शरीराचा सरळ हिशेब आहे.

पहिली गोष्ट, लहान शरीराला कमी ऊर्जा लागते. ८२ किलोचा देह उचलून जिना चढायला जितकी शक्ती खर्च होते, तितकी ७५ किलोच्या देहाला लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की वजन घटले की शरीर त्याहूनही जास्त काटकसर करू लागते. न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ लीबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे मोजून दाखवले. वजन दहा टक्के कमी झालेल्या माणसांचा ऊर्जेचा खर्च, शरीर लहान झाल्यामुळे जितका घटायला हवा त्याहून अधिक घटला होता. माणूस नकळत कमी हालचाल करतो, पटकन बसतो, हातवारेसुद्धा कमी होतात. शरीराला वाटते की दुष्काळ आला आहे, आणि ते शिल्लक जपू लागते.

तिसरी गोष्ट भूक. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक निघते. ते मेंदूला "पुरेसा साठा आहे" असा निरोप देते. चरबी घटली की हा निरोप क्षीण होतो आणि भूक वाढते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ केविन हॉल यांच्या गटाने २०१६ साली याचा हिशेब मांडला. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि खाण्याची ओढ मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे खर्च घटतो त्याच्या तिप्पटीहून अधिक भूक वाढते.

आता वरच्या उदाहरणातील ताईंचा हिशेब करू. त्यांनी रोजच्या खाण्यातून ५०० कॅलरी कमी केल्या होत्या असे समजा. सात किलो उतरल्यावर शरीराचा खर्च साधारण १७५ कॅलरींनी घटला. वाढलेल्या भुकेपोटी, त्यांच्या लक्षातही न येता, रोजचे खाणे ३०० कॅलरींनी वाढले: एखादी जास्त पोळी, चहाबरोबर दोन बिस्किटे, भाजीत जरा सढळ तेल. ५०० मधून १७५ आणि ३०० गेले, उरले फक्त २५. काटा थांबणारच. यात त्यांचा आळस नाही, जिद्द कमी पडली असेही नाही.

उपासमार करून हा हिशेब मोडता येईल का? अमेरिकेत एका दूरचित्रवाणी स्पर्धेत अतिस्थूल स्पर्धकांनी कडक आहार आणि तासन्‌तास व्यायाम करून ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन घटवले. त्यांतील १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा सरासरी ४१ किलो परत आले होते. शिवाय त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. शरीराशी झोंबाझोंबी केली, की ते दीर्घकाळ लक्षात ठेवते.

ताटात नकळत काय वाढले?

उपाय सुरू करण्याआधी आठवडाभर एक काम करा. जे तोंडात जाते ते लिहा. पाहुण्याकडचा चहा, मुलांच्या ताटातला उरलेला घास, फोडणी देताना चाखलेली भाजी, कार्यालयात कुणाच्या वाढदिवसाचा पेढा, सगळे.

हे का, तर आपला अंदाज फार चुकतो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा लोकांचा अभ्यास झाला, ज्यांचे म्हणणे होते की आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही. अचूक पद्धतीने मोजल्यावर दिसले, की ते सांगत होते त्यापेक्षा त्यांचे खाणे जवळपास दुप्पट होते आणि हालचाल मात्र त्यांनी दीडपट सांगितली होती. ती माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना खरेच तसे वाटत होते.

आपल्या स्वयंपाकघरात चार जागा तपासण्यासारख्या आहेत.

तेल: एका मोठ्या चमचाभर तेलात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे १२० कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३३ मिलिलिटर होते. त्याच्या साधारण २७० कॅलरी. रश्शावरची तर्री दिसायला सुरेख असते, पण ती सगळी तेलाचीच असते.

चहा: दोन चमचे साखर आणि दूध घातलेला एक कप चहा म्हणजे ७० ते ८० कॅलरी. दिवसाला चार कप झाले की ३०० कॅलरी, आणि पोट मात्र रिकामेच.

शेंगदाणे आणि कूट: शेंगदाणा पौष्टिक आहे यात शंका नाही, पण ३० ग्रॅमच्या मुठीत सुमारे १७० कॅलरी असतात. भाजीतला कूट, चटणी आणि येता-जाता तोंडात टाकलेले दाणे एकत्र मोजा.

भात: दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २०० कॅलरी. वाटी कोणती, यावर सगळे अवलंबून आहे. सुरुवातीला सपाट भरलेली वाटी दोन महिन्यांनी शिगोशीग कधी झाली, हे कळतही नाही.

एवढे तपासल्यावर अनेकांचा काटा दुसरे काही न करता पुन्हा हलू लागतो.

आता पुढे काय करायचे?

एकाच वेळी सगळे बदलू नका. खालील गोष्टींपैकी दोन निवडा, सहा आठवडे करा, मग पुढची घ्या.

१. प्रथिने वाढवा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की शरीराचा खर्च आणखी घटतो. प्रथिने आणि व्यायाम ही गळती रोखतात. शिवाय प्रथिनांनी पोट भरल्याचे समाधान जास्त वेळ टिकते. भारतीय मापदंडानुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. वजन कमी करताना आहारतज्ज्ञ सहसा एक ग्रॅम किंवा थोडे अधिक सुचवतात. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून बारा, ५० ग्रॅम सुक्या सोयावडीतून सुमारे २५. पातळ वरणावर भात ओतून खाण्याऐवजी मटकी, हरभरा, चवळीची उसळ वाढवा. मासे, सुकट, जवळा, चिकन खाणाऱ्यांनी ते कमी तेलात करावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

२. तेल मापाने काढा. महिन्याचे तेल चार लिटरवरून तीनवर आणले, तर वरच्या घरात माणशी रोज सुमारे ७० कॅलरी वाचतात. हॉल यांच्या हिशेबानुसार एवढा बदल कायम टिकवला, तर वजन सुमारे तीन किलोंनी खाली जाऊन स्थिरावते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात जाते, बाकीचे पुढच्या दोन-अडीच वर्षांत. वेग कमी वाटेल. पण हा बदल सगळ्या घराचा होतो, आणि वेगळ्या डाएटवर एक रुपयाही खर्च होत नाही.

३. ताकदीचे व्यायाम जोडा. नुसते चालणाऱ्यांचा काटा बऱ्याचदा इथेच अडकतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढे घरी जमते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची थोडी उंच घ्या.

४. दिवसभराची हालचाल परत आणा. सकाळी पाऊण तास चालून दिवसभर खुर्चीत बसणे आणि दर तासाला पाच मिनिटे उठणे, यांत मोठा फरक आहे. जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने रक्तातली साखरही कमी चढते.

५. झोप पूर्ण करा. शिकागोत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांना घेतले होते. त्यांतील निम्म्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली. कोणताही आहार न सांगता त्यांचे खाणे रोज सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक, परिचारिका, रेल्वे आणि एसटीतले कर्मचारी यांच्यासाठी हे सोपे नाही. तरी पाळीनंतर आधी झोप आणि मग घरकाम, एवढे घरच्यांनी मिळून ठरवता येते.

राजा प्रसेनजिताने काय केले?

थोडे थोडे कमी करण्याची ही रीत नवी नाही. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तामध्ये दोणपाक सुत्त आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित एका वेळी दोणभर अन्न खात असे. दोण हे धान्य मोजण्याचे मोठे माप. असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांच्या भेटीस आला. बुद्धांनी त्याची टिंगल केली नाही, त्याला उपासही सांगितला नाही. जो माणूस सजग राहून भोजनाची मात्रा ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात, तो हळूहळू म्हातारा होतो आणि त्याचे आयुष्य जपले जाते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगितली, आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यासाठी त्याला शंभर कहापण देऊ केले. राजाचे जेवण हळूहळू दोणावरून एका नाळीवर, म्हणजे कितीतरी लहान मापावर आले आणि त्याचे शरीर हलके झाले.

अट्ठकथेत यातला बारकावा सांगितला आहे. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नव्हती. राजा शेवटचा घास उचलेल तेव्हा म्हणायची होती. तो घास राजाने ठेवून द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच तांदूळ कमी शिजवायचे.

यात आजच्या अभ्यासकांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी आहेत: आठवण करून देणारे माणूस, जेवताना सजगता, आणि शरीराला दुष्काळ वाटू नये इतकी लहान घट. शेवटचा घास ठेवायचा आणि उद्या तेवढा कमी शिजवायचा, म्हणजे अन्न वायाही जात नाही. हे कुठल्याही घरात करता येते.

या चुका टाळा

जेवण एकदम बंद करू नका. पुढच्या चार दिवसांत भूक ते वसूल करते, आणि दरम्यान स्नायू गेलेले असतात.

रात्री न जेवणे ही जादू आहे असेही मानू नका. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळ्यांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्ले, बाकीच्यांना वेळेचे बंधन नव्हते. दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. एकूण किती खाल्ले, हेच महत्त्वाचे ठरले. आपल्याकडे उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. ते शीलपालन आहे, त्याचे मोल वजनात करायचे नाही. मात्र ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्यावा. जेवण टाळून नेहमीचा डोस घेतला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

थायरॉइडचा आजार नसताना वजनासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी हृदयाची लय बिघडू शकते. ज्या पावडरीच्या किंवा काढ्याच्या डब्यावर आत काय आहे हे स्पष्ट लिहिलेले नाही, ती घरात आणू नका. ती विकणारी व्यक्ती ओळखीची, अगदी नात्यातली असली तरी.

सध्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांची चर्चा आहे. ती परिणामकारक आहेत. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. पण तिथेही वजन पुढे एका आकड्यावर थांबतेच, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणून हा निर्णय डॉक्टरांबरोबर, खर्चाचा आणि पुढच्या वर्षांचा विचार करूनच घ्यावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वर सांगितलेले दोन-तीन महिने मनापासून करूनही वजन आणि कंबर दोन्ही हलत नसतील, तर तपासणी करा. थायरॉइड मंदावणे, स्त्रियांमधील पीसीओएस, झोपेत श्वास अडखळणे यांची कारणे शोधता येतात. इन्सुलिन, स्टिरॉइड, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची आणि फिट्सवरची काही औषधे यांनीही वजन वाढते. अशी औषधे स्वतःहून बंद करू नका. पर्याय आहे का, एवढे विचारा. आणि काहीही न करता वजन झपाट्याने उतरू लागले, तर आनंद मानू नका. तेही डॉक्टरांना दाखवण्याचे लक्षण आहे.

थांबलेला काटा काय सांगतो?

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. काटा थांबला म्हणजे फायदा थांबला का?

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत लक्ष्य फक्त सात टक्के वजन उतरवण्याचे होते. आहार आणि व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. ८२ वरून ७५ वर आलेल्या ताईंनी हे लक्ष्य केव्हाच ओलांडले आहे. त्यांना वाटते त्या अडकल्या. खरे तर त्या पोहोचल्या आहेत.

त्याहून बोलका अभ्यास आपल्या देशातला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांना घेऊन केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, काहीच न करणाऱ्या गटातील १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार सुधारून नियमित चालणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ होते. आणि या गटाचे वजन जवळजवळ उतरलेच नव्हते. काटा जागचा हलला नाही, तरी आजार टळला.

भारतीयांच्या बाबतीत काटा अर्धीच गोष्ट सांगतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवले. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के. याज्ञिक यांच्या मते याची मुळे आईच्या पोटातल्या पोषणात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजात एक-दोन पिढ्यांत सुबत्ता येते, तेव्हा हे समजून घेणे जास्तच गरजेचे ठरते. म्हणून आपल्यासाठी कंबरेचे माप महत्त्वाचे: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांची ८० च्या आत.

तेव्हा वजन थांबले की वहीत चार आकडे एकाखाली एक लिहा: कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, आणि किती जिने न थांबता चढता येतात. हे चार सुधारत असतील, तर काट्याला थोडे दिवस विसरा. आहे ते वजन सहा महिने टिकवणे हे मोठे काम आहे. ते टिकले, की पुढचा उतार सोपा जातो. वजन उतरवून वर्षानुवर्षे टिकवलेल्या लोकांच्या नोंदी अमेरिकेत १९९४ पासून ठेवल्या जातात. त्यांतले बहुतेक जण नियमित वजन पाहतात आणि रोज सुमारे तासभर शरीराला काम देतात. याखेरीज त्यांच्याकडे काही गुपित नाही.

शेवटी एक सूचना. प्रसेनजिताकडे सुदस्सन होता. आपल्याकडे विहार आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक टेप, एक वजनकाटा आणि बीपीचे यंत्र टेबलावर ठेवावे. वस्तीतल्या एखाद्या आशाताईंना किंवा परिचारिकेला महिन्यातून एकदा बोलवावे आणि प्रत्येकाने आपापल्या वहीत आकडे लिहावेत. भोजनदानाच्या पंगतीत उसळ वाढवून बुंदी कमी करावी. एकट्याने वजन उतरवणारा माणूस काटा थांबला की सोडून देतो. शेजारी बसलेली मावशी "माझाही दोन महिने थांबला होता" म्हणाली, की तो पुढच्या रविवारी परत येतो.